कॉमन्सने हाकललेला पहिला खासदार : आर्थर हॉल

वाकडीवाट

एलिझाबेथ राणीच्या काळातली इंग्रज मंडळी म्हटली की ड्रेक, रॅले, शेक्सपिअर यांच्यापुढे गाडी सहसा जात नाही. आर्थर हॉल हा त्याच काळातला कॉमन्सचा, म्हणजे इंग्लंडच्या संसदेतल्या निवडून आलेल्यांच्या सभागृहाचा, एक दुय्यम-तिय्यम खासदार. मंत्री झाला नाही, लढाई मारली नाही, एकही कायदा त्याच्या खात्यावर नाही. तरी संसदेच्या विशेषाधिकारांवरचं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडलं की हा गृहस्थ कुठे ना कुठे भेटतो, आणि तोही बहुधा आरोपीच्या जागी उभा.

हॉलचा जन्म १५३९ च्या सुमाराचा, कॅलेचा. कॅले तेव्हा इंग्रजांकडे होतं (१५५८ मध्ये फ्रेंचांनी परत घेतलं) आणि बाप फ्रान्सिस हॉल तिथे कंट्रोलर होता. बाप लवकर गेला. पोरगा अज्ञान, मागे लिंकनशरमधल्या ग्रँथमच्या आसपासची जमीन. अशा पोराचं पालकत्व विल्यम सेसिलकडे आलं. तोच सेसिल, जो पुढे लॉर्ड बर्ली झाला आणि चाळीस वर्षं एलिझाबेथचा कारभार ज्याच्या हातात होता. म्हणजे आर्थर वाढला तो सेसिलच्या घरात, सेसिलचा थोरला मुलगा थॉमस याच्याबरोबर. केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजात जाऊन आला, पदवी न घेता. मग इटली पाहिली, थेट कॉन्स्टँटिनोपलपर्यंत भटकला. त्या काळच्या लिंकनशरच्या जमीनदाराच्या मानाने हे फारच झालं.

१५७१ मध्ये स्टॅमफर्डमधून निवडून आला. निवडून आला म्हणजे सेसिलने पाठवला, स्टॅमफर्ड त्याच्या खिशातलं गाव. १५७२ मध्ये ग्रँथममधून. ही १५७२ ची संसद लक्षात ठेवा, कारण ती निवडणूक न घेता १५८१ पर्यंत तीन वेगवेगळ्या अधिवेशनांत भरली आणि हॉलचं सगळं महाभारत तिच्यातच घडलं.

पहिलंच पर्व असं. १५७२ चं अधिवेशन भरलं होतं स्कॉट्सची राणी मेरी आणि ड्यूक ऑफ नॉरफोक यांचं काय करायचं ते ठरवायला. रिडॉल्फीचा कट, म्हणजे एलिझाबेथला हटवून मेरीला गादीवर बसवायचा बेत, नुकताच उघडकीला आलेला. सभागृह रक्ताला चटावलेलं, दोघांची मुंडकी मागणारं. त्यात हे महाशय उठले आणि सौम्यपणाने घ्या म्हणाले. गदारोळ झाला. दोन दिवसांत त्याला सभागृहासमोर उभं करून जाब विचारला, त्याने माफी मागितली, त्याला समज देऊन सोडलं. नॉरफोकला जूनमध्ये टॉवर हिलवर मारलं. मेरीला मारायला राणीने आणखी पंधरा वर्षं घेतली.

पुढचं खाली प्रतिसादात टाकतो, एका दमात फार लांबेल.

गोदाकाठ

रोचक! पुढील भागाच्या प्रतीक्षेत. एक शंका. पालकत्व सेसिलकडे 'आलं' म्हणजे? नातेवाईक होता का तो?

वाकडीवाट

गोदाकाठ, नातंबितं काही लागत नाही. राजाकडून थेट जमीन धारण करणारा मेला आणि वारस अज्ञान असला, तर वारसाचं पालकत्व राजाकडे जायचं. राजा ते विकायचा किंवा मर्जीतल्या माणसाला द्यायचा. पालकाला जमिनीचं उत्पन्न मिळायचं आणि पोराचं लग्न कुणाशी करायचं हेही तोच ठरवायचा. त्यासाठी वेगळं न्यायालयच होतं आणि १५६१ पासून त्याचा मुख्य अधिकारी खुद्द सेसिल. सेसिलच्या घरी अशी बरीच पोरं वाढली, त्यात एडवर्ड डी व्हेअर, म्हणजे अर्ल ऑफ ऑक्सफर्डसुद्धा. हॉल त्या मानाने किरकोळ गिऱ्हाईक. पण सेसिलने त्याला शेवटपर्यंत सांभाळून घेतलं हे खरं.

तिरकस_तात्या

म्हणजे गॉडफादर होता म्हणा की. मग याला हाकलला कुणी?

लंडनस्थ

ग्रँथम म्हणजे थॅचरबाईंचं गाव. न्यूटन तिथल्याच किंग्ज स्कूलचा, आणि वर ज्याचा उल्लेख आहे तो सेसिलही तिथे शिकला होता. रेल्वेने एडिंबराकडे जाताना लागतं. या हॉलचं नाव मी मात्र पहिल्यांदाच ऐकतोय. येऊ द्या.

वाकडीवाट

भाग दुसरा.

डिसेंबर १५७३. लंडनमधल्या लॉथबरी भागात काही बडी मंडळी फाशांचा डाव मांडून बसलेली. त्यात आपला हॉल आणि मेल्किसेडेक मॅलरी नावाचा दुसरा एक गृहस्थ. (बायबलातल्या त्या राजाचं नाव पोराला ठेवणारे आईबाप कसे असतील याची कल्पना करा.) डावावरून शब्दाला शब्द वाढला. त्या दिवशी लोकांनी आवरलं, पण प्रकरण मिटलं नाही. दोघेही सभ्य गृहस्थ, म्हणजे कमरेला तलवार आणि नाकावर राग. हॉलचं म्हणणं असं की मॅलरी गावभर त्याची बदनामी करत सुटला. पुढे एका खाणावळीत जुंपली. आणि १५७४ मध्ये सेंट पॉल्सच्या आवारात, जिथे लंडनचे सगळे पुस्तकविक्रेते दुकानं मांडून बसायचे, तिथे भर दिवसा हॉलच्या माणसांनी मॅलरीला गाठून मारहाण केली. त्यात पुढे होता हॉलचा नोकर एडवर्ड स्मॉली.

मॅलरीने स्मॉलीवर दावा लावला. शंभर पौंड नुकसानभरपाईचा निकाल झाला. नोकरमाणसाला शंभर पौंड म्हणजे जन्मभराची कमाई, त्यामुळे पैसे हॉलनेच द्यायचे हे सगळ्यांना कळत होतं. हॉल देईना. १५७५ च्या सप्टेंबरात मॅलरी वारला. वसुलीचं काम त्याचा भाऊ हेन्री याच्याकडे आलं.

आता मेख. फेब्रुवारी १५७६ मध्ये संसदेचं दुसरं अधिवेशन भरलं. अधिवेशन चालू असताना खासदाराला दिवाणी प्रकरणात अटक करायची नाही, हा विशेषाधिकार. आणि तो खासदाराच्या नोकरालाही लागू, कारण नोकर तुरुंगात गेला तर साहेबांच्या सेवेत खंड पडणार! स्मॉलीला नेमकी तेव्हाच पैशांसाठी अटक झाली. हॉलने सभागृहात तक्रार केली. सभागृह चिडलं, आमच्या सभासदाच्या माणसाला हात लावता म्हणजे काय. बराच खल होऊन सार्जंटला, म्हणजे सभागृहाचे हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्याला, राजदंड घेऊन पाठवलं आणि स्मॉलीला सोडवून आणलं.

पण सोडवून आणल्यावर मंडळींच्या ध्यानात आलं की आपल्याला कुणीतरी वापरून घेतलंय.

तिरकस_तात्या

राजदंड घेऊन माणूस सोडवायला गेले? आमच्याकडे राजदंड पळवायच्या कामाला येतो.

नोंदवही

वाकडीवाट, मेख नीट उलगडून सांगायला हवी, नाहीतर गंमत कळणार नाही. माझा पेशा वकिलीचा, म्हणून राहवत नाही.

त्या काळच्या इंग्लिश कायद्यात निकालाचे पैसे वसूल करायचा एक मार्ग म्हणजे ऋणकोला धरून तुरुंगात घालायचं. पण धनकोने एकदा तो मार्ग पत्करला की कायद्याच्या नजरेत त्याने आपलं समाधान 'माणसात' करून घेतलं. मग तो माणूस तुरुंगातून कायदेशीररीत्या सुटला तर धनकोला त्याला दुसऱ्यांदा धरता यायचं नाही. कर्ज उडालं! आता हे विशेषाधिकाराशी जोडून बघा. अधिवेशन चालू असताना मुद्दाम स्वतःला अटक करवून घ्यायची, साहेबाने सभागृहात ओरडा करायचा, सभागृहाने राजदंड पाठवून सोडवायचं, की शंभर पौंड गेले हवेत. हेन्री मॅलरीने बसायचं बोंबलत.

स्मॉलीने हेच केलं असा सभागृहाला संशय आला आणि तो बरोबर होता. हॉलच्या मुलांना शिकवणारा मास्तरही या बनावात सामील होता. तेव्हा ज्या सभागृहाने स्मॉलीला तुरुंगातून सोडवलं, त्याच सभागृहाने त्याला टॉवरमध्ये (टॉवर ऑफ लंडन, तेव्हाचा तुरुंग) टाकलं, आणि शंभर पौंडांची हमी मिळेपर्यंत सोडायचं नाही असं ठरवलं. मास्तरही गेला आत.

ही पळवाट कायद्याने बुजवायला १६०४ उजाडलं. तेव्हा सर थॉमस शर्ली या खासदाराला कर्जापायी फ्लीट तुरुंगात घातलं होतं. तिथला वॉर्डन त्याला सोडेना, कारण सोडला तर कर्ज वॉर्डनच्याच बोकांडी बसणार. सभागृहाने वॉर्डनलाच टॉवरमधल्या 'लिटल ईज' नावाच्या कोठडीत कोंबलं, जिथे माणसाला धड उभं राहता येत नाही की आडवं होता येत नाही. शेवटी शर्ली सुटला आणि कायदा झाला : विशेषाधिकाराखाली सुटलेल्या माणसाला अधिवेशन संपल्यावर त्याच देण्यासाठी पुन्हा धरता येईल.

गोदाकाठ

वा नोंदवही, आता टाळकं ठिकाणावर आलं. म्हणजे अटक हाच पैसे बुडवायचा उपाय.

लंडनस्थ

अवांतर : हा शर्ली म्हणजे इराणच्या शाह अब्बासच्या दरबारात गेलेल्या त्या दोघा शर्ली बंधूंचा, अँथनी आणि रॉबर्टचा, बाप. आणि लॉथबरी आजही आहे. बँक ऑफ इंग्लंडच्या मागच्या अंगाचा रस्ता. पैसे लावण्याची परंपरा टिकून आहे म्हणायची.

फडताळ

नोकराला विशेषाधिकार देऊन राजदंडाने सोडवणं ही पहिलीच वेळ ना? खासदारासाठी आधी झालेलं वाचलंय. फेरर्स का कोण.

वाकडीवाट

बरोबर. जॉर्ज फेरर्स, प्लिमथचा खासदार, १५४२, आठव्या हेन्रीच्या काळात. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिला म्हणून धरला. सार्जंट राजदंड घेऊन सोडवायला गेला तर तुरुंगाच्या लोकांशी हातघाई झाली आणि झटापटीत राजदंडाचा मुकुट तुटला. हेन्रीने मात्र सभागृहाची बाजू घेतली. तेव्हापासून ही वहिवाट. नोकरासाठी तिचा असा वापर स्मॉलीच्या वेळी झाला, म्हणून 'स्मॉलीचं प्रकरण' पुस्तकांत गेलं. हॉलचं नाव तोवर कडेलाच होतं. त्याने गप्प बसायला हवं होतं. नाही बसला.

भाग तिसरा. १५७९-८० च्या सुमारास लंडनचा मुद्रक हेन्री बिनमन याच्याकडून एक पुस्तक छापून आलं. वरवर पाहता एका 'एफ. ए.' नावाच्या माणसाने मित्राला लिहिलेलं पत्र : हॉल आणि मॅलरी यांच्यातल्या भांडणाची खरी हकीकत. त्याला जोडून या एफ. ए. च्या वडिलांनी नव्याने खासदार झालेल्या मुलाला केलेला उपदेश. एफ. ए. कोण? अर्थातच आर्थर हॉल.

तिरकस_तात्या

डुआयडी (खोट्या नावाचा आयडी)!! सोळाव्या शतकात डुआयडी!! वर डुआयडीच्या बापाचाही डुआयडी!!

वाकडीवाट

तात्या, अगदी. आणि डुआयडी जसे लगेच ओळखू येतात तसाच हाही आला, कारण पत्रात हॉल इतका सज्जन आणि मॅलरी इतका नालायक दाखवलेला की दुसरं कोण लिहिणार.

पहिल्या भागात हॉलने १५७६ च्या अधिवेशनाचा पंचनामा केला. कुठला सभासद काय बोलला, तत्कालीन सभापती रॉबर्ट बेल कसा वागला, सगळं नावानिशी. बेल तोवर हयात नव्हता. (१५७७ मध्ये ऑक्सफर्डला न्यायालय भरलं असताना कैद्यांकडून आलेल्या तापाची साथ पसरली. न्यायाधीश, ज्युरी, वकील पटापट गेले, त्यात बेलही.) मेलेल्या सभापतीची बदनामी हा पुढे एक वेगळा आरोपच झाला. दुसऱ्या भागात बापाच्या तोंडून त्याने सांगितलं की कॉमन्सचं सभागृह काही अनादी काळापासून चालत आलेलं नाही, ते बरंच अलीकडचं आहे, तेव्हा फार टेंभा मिरवू नका.

१५८१ च्या जानेवारीत त्याच संसदेचं तिसरं अधिवेशन भरलं. बेलच्या जागी जॉन पॉपम. हाच तो पॉपम, ज्याला राणीने विचारलं होतं की सभागृहात काय काय पार पडलं, तर म्हणाला, 'महाराणी, सात आठवडे.' फेब्रुवारीच्या सुरुवातीला थॉमस नॉर्टनने ते पुस्तक सभागृहापुढे आणलं. नॉर्टन लंडनचा वजनदार सभासद, कडवा प्युरिटन, आणि इंग्लिशमधल्या सुरुवातीच्या शोकांतिकांपैकी 'गॉर्बोडक'चा सहलेखक. मुद्रक बिनमनलाही बोलावून विचारपूस केली. समिती बसली. तिने काढलेले दोष वाचण्यासारखे आहेत. सभापतीची आणि सभासदांची बदनामी, सभागृहाचा अधिकार नाकारणं, वगैरे आलंच. शिवाय असंही की त्याने अख्ख्या सभागृहाला दारुडं म्हटलं, 'बॅकसला सोबत घेऊन मसलती करणारे' असं, आणि तापट म्हटलं, 'अँटिसिराला कधी न गेलेले' असं.

कवितेचा_नाद

अँटिसिराचा टोमणा लॅटिन कवी होरेस वाचलेल्यांनाच कळणार. ग्रीसमधलं गाव, तिथे हेलेबोर नावाची वनस्पती मिळायची आणि ती वेडावरचं औषध समजली जायची. म्हणजे आपल्याकडे 'याला ठाण्याला नेऊन दाखवा' म्हणतात, तसं. पण कॉमन्समध्ये तो टोमणा बरोब्बर कळला म्हणजे निदान समितीतले लोक शिकलेले होते.

वाकडीवाट

कळला आणि झोंबला. १४ फेब्रुवारी १५८१. हॉलला आणून उभं केलं. त्याने बचाव केला नाही, चुकलो म्हणाला, माफी मागितली. १५७२ मध्ये माफीवर भागलं होतं, या वेळी नाही. शिक्षा एकेक करून मताला टाकल्या आणि सगळ्या एकमताने झाल्या. टॉवरमध्ये सहा महिने, आणि पुढेही जोवर सभागृहाला पटेल अशी लेखी माघार घेत नाही तोवर. पाचशे मार्क दंड (मार्क म्हणजे तेरा शिलिंग चार पेन्स, तेव्हा ३३३ पौंडांहून थोडा जास्त). चालू संसदेपुरतं सभासदत्व रद्द. पुस्तक खोटं आणि बदनामीकारक म्हणून जाहीर. ग्रँथमला दुसरा माणूस निवडून पाठवा असा हुकूम. कॉमन्सने आपल्याच सभासदाला सभासदत्वावरून काढून टाकल्याचं हे पहिलं उदाहरण म्हणून सांगतात. दुसरा नंबर विल्यम पॅरीचा, १५८५ मध्ये. तो तर महिन्याभरात देशद्रोहासाठी फासावर गेला.

आता माझं मत. हॉलने नोकराकडून एकाला मारहाण करवली, त्याबद्दल सभागृहाने त्याला काही केलं नाही. शंभर पौंड बुडवायचा बनाव रचला, नोकर आणि मास्तर टॉवरमध्ये गेले, हॉल बाकावर बसून राहिला. मग पाच वर्षांनी एवढी शिक्षा कशाची? घरातली गोष्ट छापून बाहेर सांगितली त्याची. सभागृहात काय चालतं ते बाहेर बोलायचं नाही हा त्या सभागृहाचा सगळ्यात लाडका नियम होता, आणि हॉलने तो मोडला तो पुस्तक काढून. बाकीचे आरोप तोंडी लावायला.

फडताळ

सहमत, आणि वर असं की त्याचं म्हणणं खरंच होतं! कॉमन्स पुरातन नाहीच. सायमन डी माँटफर्टने गावांचे प्रतिनिधी बोलावले ते १२६५ मध्ये. हॉलच्या काळातले वकील मात्र संसद म्हणजे सृष्टीच्या आरंभापासून असल्यासारखं बोलायचे. त्याच १५७६ च्या अधिवेशनात पीटर वेंटवर्थने भाषणस्वातंत्र्यावर भाषण केलं तर याच सभागृहाने त्याला भाषण पुरं करू न देता टॉवरमध्ये धाडलं. म्हणजे मोकळं बोललात तर टॉवर, छापलंत तर टॉवर. हॉलला मी तरी हुतात्मा म्हणेन.

नोंदवही

फडताळ, जरा दमानं. वेंटवर्थ आणि हॉल एका पंगतीला बसवू नका. वेंटवर्थ राणी सभागृहावर दडपण आणते याविरुद्ध बोलला. हॉलने सभागृहाचा अधिकार नाकारला तो स्वतःच्या शंभर पौंडांच्या रागातून, आणि नाकारताना राजसत्तेचं पारडं जड केलं. म्हातारपणी १६०४ मध्ये त्याने पहिल्या जेम्सला पत्र लिहिलं, की खासदार निवडून देणाऱ्यांत भ्रष्टाचार माजलाय, ही संसद मोडा. सेसिलच्या वशिल्याने निवडून आलेला माणूस हे सांगतोय! तो हुतात्मा नव्हे, भांडखोर होता. भांडखोर माणूस बरोबर असू शकतो, एवढंच मी मान्य करीन.

शिक्षेबाबत मात्र वाकडीवाट यांच्याशी अर्धाच सहमत. सभागृहाला १५७६ मध्ये मूर्ख बनवलं गेलं होतं, गावात हसं झालं होतं. त्याचा हिशेब १५८१ मध्ये चुकता केला. छापणं हे निमित्त. दंड ठोठावायचा अधिकार तरी कॉमन्सला होता का, हा वेगळाच प्रश्न. त्यांनी शेवटचा दंड १६६६ मध्ये केला, नंतर कधी नाही.

वाकडीवाट

नोंदवही, हसं झाल्याचा राग होता हे कबूल. पण मग १५७६ मध्येच त्याला का नाही काढला? तेव्हाही सगळी लबाडी उघड झाली होती. पुस्तक आल्यावरच काढला. माझा मुद्दा तिथेच आहे.

चिंचपोकळी

उशिरा येतोय. हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर सांगतो, आपल्या राज्यघटनेच्या कलम १०५(३) मध्ये मुळात लिहिलं होतं की संसद कायदा करून ठरवत नाही तोवर सभागृहाचे विशेषाधिकार घटना लागू होताना ब्रिटिश कॉमन्सचे होते तेच. राज्यांसाठी १९४(३). १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने कॉमन्सचं नाव गेलं, आशय राहिला. त्यामुळे हॉलवर चालवलेली काठी सरळ इकडे आली.

मुंबईचंच बघा. १९५१ मध्ये हंगामी संसदेत एच. जी. मुदगल या सभासदाने बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन त्यांचे प्रश्न मांडले. चौकशी समिती बसली, नेहरूंनी स्वतः काढून टाकायचा ठराव मांडला, तर मतदानाआधी मुदगल राजीनामा देऊन मोकळे. आणि १९६१ मध्ये 'ब्लिट्झ'चे संपादक करंजिया. आचार्य कृपलानींवर टिंगलीचा मजकूर छापला म्हणून लोकसभेने त्यांना मुंबईहून बोलावून घेऊन सभागृहासमोर उभं केलं आणि समज दिली. हे वाकडीवाट यांच्या बाजूने : तिथेही गुन्हा छापण्याचाच होता.

वऱ्हाडी_ठेचा

अन् आमच्या यवतमाळचे जांबुवंतराव धोटे इसरले का भाऊ? १९६४. विधानसभेत अध्यक्ष बाळासाहेब भारदेंच्या दिशेनं पेपरवेट भिरकावला, सभागृहानं काढून टाकलं. लोकायनं पोटनिवडणुकीत परत निवडून धाडलं! विदर्भाचा वाघ होता तो.

तिरकस_तात्या

ग्रँथमकरांनी असं काही केलं नाही वाटतं हॉलसाठी?

वाकडीवाट

तात्या, ग्रँथमकरांचं प्रेम किती होतं ते ऐका. त्या काळी खासदाराचा भत्ता त्याच्या गावाने द्यायचा, शहरी सभासदाला दिवसाला दोन शिलिंग. बहुतेक बडे लोक तो घेत नसत, गावंही बिनपैशाचा खासदार बघूनच निवडत. आपल्या हॉलने हकालपट्टीनंतर काही वर्षांनी ग्रँथमवर दावा लावला, माझा थकलेला भत्ता द्या म्हणून! १५८६-८७ च्या संसदेत ग्रँथमने रडगाणं घातलं, की हा हजरच राहत नव्हता, वर भत्ता मागणार नाही असं कबूल करून निवडून आला होता. सभागृहाने समिती नेमली, समितीने हॉलला बोलावून 'सोडून द्या ना' असं सुचवलं, आणि चमत्कार म्हणजे त्याने हसत हसत सोडून दिला.

नोंदवही

चिंचपोकळींच्या मुद्द्याला जोडून. २००५ च्या डिसेंबरात प्रश्न विचारायला पैसे घेतल्याबद्दल लोकसभेचे दहा आणि राज्यसभेचा एक खासदार काढले, त्यावर राजा राम पाल खटला झाला. जानेवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने काढून टाकायचा अधिकार मान्य केला. काढलेल्यांच्या बाजूचा युक्तिवाद भारी होता. कॉमन्स सभासद काढायची ती आपल्या सभागृहाची रचना आपणच ठरवायच्या हक्कातून, आणि तो हक्क आपल्या संसदेला घटनेने दिलेलाच नाही, पात्रता-अपात्रता घटनेत लिहिलेली आहे. बहुमताला तो पटला नाही. न्या. रवींद्रन यांचं एकट्याचं विरोधी मत मला आजही जास्त वजनदार वाटतं. घटनेत जिथे सभासदत्व कसं जातं ते सांगितलंय, तिथे आणखी एक दार सभागृहाने स्वतःच कसं काय पाडायचं?

चिंचपोकळी

दार हवंच हो. पैसे घेऊन प्रश्न विचारणाऱ्याला पुढच्या निवडणुकीपर्यंत पोसायचं का? हॉलच्या वेळी निवडणूकच नऊ वर्षं झाली नव्हती.

संपादक_मंडळ

चालू राजकारणाकडे वळणारे दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. कृपया विषयाला धरून लिहावे.

कवितेचा_नाद

मला मघापासून एक विचारायचंय. आर्थर हॉल म्हणजे तोच ना, इलियडवाला, होमरच्या ग्रीक महाकाव्याचं इंग्लिश भाषांतर करणारा? १५८१ मध्येच त्याचा होमर छापला होता!

वाकडीवाट

तोच. मी राखून ठेवलं होतं, तुम्ही बरोबर पकडलंत. हकालपट्टीच्याच वर्षी 'टेन बुक्स ऑफ होमर्स इलियड्स' बाहेर आलं, थॉमस सेसिलला अर्पण. होमर इंग्लिशमध्ये पहिल्यांदा छापून आला तो असा. पण ग्रीकमधून नव्हे, ह्यूग सॅलेलच्या फ्रेंच भाषांतरावरून. सॅलेलचं काम अर्धवटच राहिलं होतं, हॉलनेही दहाव्या सर्गापाशी थांबवलं. तरुणपणीच सुरुवात केली होती आणि रॉजर अ‍ॅस्कमने, म्हणजे राणीच्या जुन्या मास्तरने, पाठ थोपटली होती.

कवितेचा_नाद

वाचलाय थोडा. चौदा अक्षरांच्या लांबलचक ओळी, जोडीजोडीने यमक. दौडत नाही, खडखडत जातो. १५९८ मध्ये जॉर्ज चॅपमनच्या भाषांतराचे सात सर्ग आले आणि हॉल एका रात्रीत अडगळीत गेला. चॅपमनची ओळही चौदाचीच, पण त्याला कान होता. तरी इलियडची सुरुवातच एका रुसलेल्या माणसाने होते, अपमान झाला म्हणून सभेतून उठून तंबूत जाऊन बसलेल्या. हॉलला तो सर्ग करताना मजा आली असणार.

गोदाकाठ

शेवट काय झाला त्याचा?

वाकडीवाट

कर्ज आणि कज्जे. १५८८ मध्ये फ्लीट तुरुंगात होता. नोंदवहींनी वर सांगितलेला शर्लीचा तोच फ्लीट. सेसिल १५९८ मध्ये वारला आणि अर्ज करायला हक्काचं दार उरलं नाही. हॉल १६०५ च्या डिसेंबरअखेर गेला, ग्रँथमला पुरला. त्याच्या आधी दोनेक महिने गाय फॉक्स आणि मंडळी ज्या संसदेला तळघरात दारू ठासून उडवायला निघाली होती, ती हीच, जी मोडा म्हणून हॉलने वर्षभरापूर्वी राजाला पत्र लिहिलं होतं.

तिरकस_तात्या

काय सांगता! पत्राचा परिणाम झाला म्हणायचा, फक्त चुकीच्या माणसांवर. बरं, तो दुसरा नंबरवाला पॅरी, त्याचा वेगळा धागा कोण काढतंय?

लंडनस्थ

मी काढतो. पॅरी हेर होता, त्यामुळे खोटं कोण आणि खरं कोण हे शेवटपर्यंत कळत नाही. थोडा वेळ द्या.

फडताळ

काढा. आणि त्यात हॉलचा विषय आला तर हुतात्मा म्हणायचं माझं मत कायम आहे, नोंदवही.

नोंदवही

भांडखोर.